पिंगळ्यांचें घरगुती भांडण

घुबडाचें नांव निघतांच आपल्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. आमच्या प्राचीन वाङ्मयानेंहि या पक्ष्याची कीर्ति वाढविलेली नाहीं. सौप्तिकपर्वांत, वडावर निजलेल्या कावळ्यांचा रात्रीं संहार करणारें घुबड पाहूनच अश्वत्थाम्यास झोपलेल्या शत्रूंवर घाला घालण्याची बुद्धि झाली. आणि पंचतंत्रांतील 'काकोलूकीय' तर कावळ्या-घुबडांच्या वैरावरच उभारलेलें आहे. उलट बंगाल्यांत हाच पक्षी लक्ष्मीचें वाहन म्हणून मान पावतो! एकाच पक्ष्यास शुभ आणि अशुभ ठरविणारे आपण त्याच्याकडे नीट पाहतों तरी कितीसे?

वसई-विरारकडील वाचकांस ही संधि घरबसल्या आहे. किल्ल्याच्या पडक्या भिंतींतील पोकळ्या, बागाइती वाड्यांतील जुने आंबे, बावखलांच्या कांठचीं चिंचेचीं व वडाचीं झाडें, अशा जागा ठिपकेदार पिंगळ्यास विशेष प्रिय. हा पिंगळा जेमतेम साळुंकीएवढा. करड्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि मोठे पिवळे डोळे. पहाटे कंदील घेऊन दारीं येणाऱ्या पिंगळा जोशास याच पक्ष्याची भाषा कळते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे.

गेल्या चैत्र-वैशाखांत अशाच एका वाडींतील आंब्यावर पिंगळ्यांचें एक कुटुंब आम्हीं कित्येक संध्याकाळीं दुरून पाहिलें. सूर्य मावळला कीं प्रथम आईबाप ढोलीबाहेर येत व एकमेकांच्या मानेचीं पिसें चोचीनें विंचरीत बसत. मागोमाग तीन पिल्लें फांदीवर ओळीनें येऊन बसत आणि लागलीच कलहास आरंभ होई. थोरलें मधल्यास ढकली. मधलें धाकट्याच्या शेपटीचें पीस ओढी. धाकटें अंग फुगवून, मान खालींवर नाचवून दोघांसहि धमकावी. एखादें वाळलें पान हाललें कीं तिन्हीं पिल्लें भांडण विसरून त्यावर झडप घालीत. हें मान नाचविणें केवळ नखरा नव्हे. घुबडाचे डोळे खांचेंत घट्ट बसलेले असल्यामुळें त्यास ते फिरवितां येत नाहींत. म्हणून डोकें हलवून तें समोरील वस्तूचें अंतर अजमावतें. पानावरची झडप हीहि उद्यांच्या शिकारीची तालीमच होय.

भांडणाचें मूळ मात्र अंड्यांत आहे. मादी पहिलें अंडें घातल्यापासूनच उबवूं लागते आणि पुढचीं अंडीं मागाहून येतात. त्यामुळें एकाच ढोलींतील भावंडें लहानमोठीं असतात. अशा घरांत बळी तो कान पिळी हाच न्याय चालावा, असें वाटतें. परंतु गव्हाणी घुबडाच्या पिल्लांसंबंधीं स्वित्झर्लंडांतील लोझानचे प्राणिशास्त्रज्ञ आलेक्सांद्र रुलँ यांनीं निराळेंच दाखविलें आहे. आईबाप घरीं नसतांना तीं पिल्लें ओरडून एकमेकांस आपापल्या भुकेची जाणीव देतात. जें अधिक भुकेलें, तें अधिक ओरडतें. आणि कमी भुकेलेलें पुष्कळदां पुढच्या घासावरील हक्क सोडून स्वस्थ बसतें. पंक्तींत पुरणपोळीवरून भांडणाऱ्या आमच्या बाळगोपाळांस हा दाखला वाचून दाखविण्यास हरकत नाहीं!

हीं दृश्यें छायाचित्रांत धरण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. हल्लीं तर प्रत्येकाच्या खिशांतील फोनांतच कॅमेरा असतो. परंतु येथें संयम हवा. एरिक हॉस्किंग या सुप्रसिद्ध इंग्रज छायाचित्रकारास १९३७ सालीं घरट्याचें रक्षण करणाऱ्या एका घुबडाच्या नखांमुळें आपला एक डोळा गमवावा लागला. तरीहि त्यांनीं घुबडांचीं चित्रें घेणें सोडलें नाहीं. पिंगळ्याजवळ तेवढें बळ नाहीं. तो बिचारा उडून जातो. मग ढोलींतील अंडीं गार पडतात, किंवा पिल्लांवर कावळ्यांची धाड येते. म्हणून दूर उभे राहून लांब पल्ल्याच्या भिंगानें, मावळतीच्या उजेडांत मिळेल तेंच चित्र घ्यावें. डोळ्यांवर फ्लॅशचा झोत टाकूं नये, ढोलीपर्यंत चढूं नये, आणि ढोलीचा पत्ता तर मुळींच जाहीर करूं नये. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठीं घुबडें पकडणारे लोक अद्यापि आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा गुन्हा ठरविला आहे. पण कायद्याचा हात पोहोंचण्यापूर्वीं जाळें पोहोंचतें. अशुभ म्हणून घुबडावर दगड उचलणारा आणि चित्राच्या लोभानें त्याच्या घरांत डोकावणारा, या दोघांत पक्ष्याच्या दृष्टीनें फारसा भेद नाहीं.

शेवटची गोष्ट झाडांची. २००९ सालीं वसई-विरारची महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहत आहेत, आणि पोकळ खोड निरुपयोगी म्हणून कुऱ्हाड बहुधा त्यावर आधीं पडते. पिंगळा स्वतः ढोली कोरीत नाहीं. आयत्या ढोलीवरच त्याचा संसार चालतो. तेव्हां ज्यांच्या आवारांत असें झाड असेल त्यांनीं धोक्याची फांदी तेवढी उतरवावी आणि खोड राखावें. किचकिचाट ऐकूं आला, तर घरांतील मुलांना बाहेर बोलावून गुपचूप उभें राहण्यास सांगावें. जें भांडण त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, त्याची भीति त्यांस कोणी घालूं शकणार नाहीं.