वन्संची लंका

गौरी-गणपती जवळ आले की आमच्या घरात एक थट्टा ठरलेली असते. कुणीतरी विचारतं, ‘‘काय, यंदा काय जाळायचंय?’’ आणि सगळे हसतात. ज्यांच्यावर हसतात त्या आमच्या थोरल्या वन्सं. त्याही हसतात. पण गेली काही वर्षं मला त्या हसण्याचा त्रास व्हायला लागलाय, म्हणून आज हा विषय.

वन्संच्या सासरी गौरी नसतात, त्यामुळे दरवर्षी आवाहनाच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे येतात. एका हातात साड्यांची बॅग, दुसऱ्या हातात खोका. खोक्यात काय नसतं! पुठ्ठे, रंगांच्या बाटल्या, जिलेटिन पेपर, सायकलच्या चाकाच्या तारा, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, सलाईनची नळी. त्यांना हलते देखावे करायचा नाद आहे. नाद म्हणजे नादच. एके वर्षी त्यांनी गौरींपुढे डोंगर केला आणि त्यावरून खरं पाणी वाहत आणलं. फिशटँकमधला छोटा पंप खालच्या परातीत, नळी डोंगराच्या आतून वर. डोंगर म्हणजे चुरगाळलेला खाकी कागद, त्यावर खळीचा हात आणि वरून रंग. पाणी पडतं तिथे आतून प्लॅस्टिक, नाहीतर दुसऱ्या दिवशी डोंगराचा लगदा! हे त्यांना कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी लगदा झाला, तेव्हा कळलं.

आणि मग ती लंका. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे वाडे, सोनेरी कागदाचे कळस. वाड्यांच्या मागे केशरी रेशमी कापडाच्या अरुंद पट्ट्या, खाली तो कॉम्प्युटरचा पंखा उताणा ठेवलेला आणि शेजारी लाल जिलेटिनमागचा दिवा. पंखा सुरू झाला की पट्ट्या वर उडून फडफडायच्या. समोरून बघणाऱ्याला शपथेवर ज्वाळाच! वर पुठ्ठ्याचा मारुती, सायकलच्या तारेवर बसवून सावकाश फिरणाऱ्या मोटरला जोडलेला. लंकेवरून तो प्रदक्षिणा घालायचा. शेजारची चार वर्षांची पोर तर घाबरून आईच्या पदरात शिरली.

गौरीजेवणाच्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या वेळेला फ्यूज गेला. घरात अंधार. पहिलं वाक्य आमच्या मोठ्या दिरांचं, ‘‘तरी मी सांगत होतो, हे असले उद्योग नकोत.’’ दुसरं माझ्या मिस्टरांचं, ‘‘काढा ते आधी.’’ पाच मिनिटांत लंका उचलून मागच्या पडवीत गेली. वन्सं काही बोलल्या नाहीत. मेणबत्तीच्या उजेडात कुंकू लावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने विचारलं, काल त्या बोर्डावर काय काय चालू होतं? तर आत मिक्सरवर चटणी आणि त्याच बोर्डावर पुतणीच्या साडीला इस्त्री. मिक्सर साडेसातशे वॅटचा, इस्त्री हजाराची. पाच अँपिअरचा फ्यूज साधारण साडेअकराशे वॅटपर्यंतच झेपतो. आणि वन्संचा मारुती? ती मोटर चार वॅटची. पंखा दोन-तीन वॅटचा. दिवा एलईडी. सगळी लंका मिळून पंधरा वॅटसुद्धा खात नव्हती! वायरमन हसला आणि पैसे घेऊन गेला. पण लंका परत आत आली नाही. ‘सॉरी’ म्हणायची आपल्या घरांत पद्धत नसते. उलट तेव्हापासून ती थट्टा सुरू झाली.

मला सांगा, फ्यूज गेल्यावर इस्त्रीकडे कुणाची नजर का गेली नाही? कारण इस्त्री कामाची. मिक्सर कामाचा. बाईच्या हौसेची वस्तू मात्र नेहमी संशयित. घरात काहीही बिघडलं की पहिलं बोट तिच्याकडे.

गंमत म्हणजे हौस म्हणून छोट्या प्रतिकृती करणं आपल्याकडे बायकांनी कधी सोडलेलंच नाही. रुखवत आठवा. कापसाचं देऊळ, साखरेचं तुळशीवृंदावन, शंखशिंपल्यांची होडी, काड्यांचा रथ. हे सगळं मॉडेलच की! कागदाच्या लगद्यात मेथ्या वाटून घालायच्या आणि पातेलं पालथं घालून त्यावर टोपली थापायची, हे आपल्या आज्यांना येत होतं. पण तेव्हा त्याला ‘मुलीच्या अंगची कला’ म्हणत आणि ती लग्नाच्या मांडवात एकदा दाखवून झाली की माळ्यावर जाई. त्यानंतर बाईने असलं काही करायचं म्हणजे रिकामटेकडेपणा. आता तर रुखवत भाड्यानेही मिळतं. म्हणजे ती एक संधीही गेली.

दिवाळीतल्या किल्ल्याचंही तेच. दगड-विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं टाकायचं, अळीव पेरायचे, दोन-चार दिवसांत डोंगर हिरवा. किल्ला करतात भाऊ. बहीण? तिने दारात रांगोळी काढायची. फार तर ‘जा गं, पाणी घेऊन ये’. आता प्लॅस्टरचा तयार किल्ला बाजारात मिळतो. मीही एका वर्षी आणला हो, मुलाची सहामाही परीक्षा आणि माझं ऑफिस यात जमलं नाही. त्यामुळे तयार वस्तू आणणाऱ्या बाईला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण तो किल्ला बघून मुलगा काय म्हणाला माहीत आहे? ‘‘याच्यात गुहा कुठेय?’’ गुहा आपण केली तर असते ना!

वन्सं जे करतात त्याला सिनेमाच्या भाषेत ‘ट्रिक सीन’ म्हणत. आपल्याकडे या विद्येची सुरुवातच मुळी एका मराठी घरातून झाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला, रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर डोळ्यांदेखत रोप वाढवून दाखवलं. ती फिल्म बघूनच त्यांना भांडवल मिळालं. पुढे आगपेटीच्या काड्या पडद्यावर नाचवल्या. १९१७ साली त्यांनीही लंका जाळली, ‘लंकादहन’मध्ये. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची. तिचा साधा चेहरा विरघळत विरघळत कृष्णाचा होतो, तो प्रसंग आजही बघायला मिळतो.

पण मला सांगायचंय ते सरस्वतीबाईंविषयी. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. त्या काळी कोरी फिल्म कडेला भोकं न पाडलेली मिळे. ती भोकं अंधारात पाडायची, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई करत. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, एका चौकटीला दोन्ही कडांची मिळून आठ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ होता ३७०० फुटांचा. हिशोब केला तर भोकं भरतात पावणेपाच लाखांच्या घरात! हाताशी यंत्र असलं तरी फिरवायचं अंधारात आणि तेही दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधून झाल्यावर. फिल्म धुवायची रसायनं त्या कालवत. चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत, उजेड नटाच्या तोंडावर पडावा म्हणून. अंगावरचे दागिने गहाण पडले ते वेगळेच. ३ मे १९१३ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला तेव्हा लोकांनी जे बघितलं, त्यात या बाईच्या हाताचं किती होतं! आज शाळेतल्या पोरालाही फाळके ठाऊक असतात. सरस्वतीबाई किती जणांना ठाऊक आहेत?

बरं, त्या निदान नवऱ्याच्या नादासाठी राबल्या आणि नवऱ्याला त्याची जाण होती. इथे तर बाईचा स्वतःचा नाद आहे.

आमच्याच भागातल्या एका मंडळाचा अनुभव सांगते, नाव कशाला घ्या. देखावा बायकांनी केला. पंधरा दिवस रोज रात्री जेवणं आटोपून साडेनऊला जमायच्या. बक्षीस मिळालं. स्टेजवर ढाल घ्यायला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार. निवेदकाने शेवटी सांगितलं, ‘महिला भगिनींनी रांगोळी काढून सहकार्य केलं.’ रांगोळी! वीस फूट उंच कमान आणि हलणारा गरुड ज्यांनी उभा केला, त्यांच्या वाट्याला रांगोळी. पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्या बायका आल्याच नाहीत. कार्यकर्ते म्हणाले, ‘लेडीजना उत्साह राहत नाही.’

माझं म्हणणं फार मोठं नाही. घरात बाईच्या नादाला एक टेबल द्या. जेवणाचं नव्हे, जे दर चार तासांनी रिकामं करावं लागतं. स्वतःचं. आणि मुलींच्या हातात कात्री-गोंदाबरोबर पक्कड, टेस्टर, सोल्डरिंग गनही द्या. ‘शॉक लागेल’ म्हणून आपण त्यांना लांब ठेवतो, आणि तीच मुलगी सासरी ओल्या हाताने मिक्सरचं बटण दाबते तेव्हा मात्र कुणाला काळजी वाटत नाही. वन्सं मोटरला हात लावण्याआधी पिन काढतात. कापडाजवळ जुना पिवळा बल्ब कधीच लावत नाहीत, कारण तो तापतो. शक्य तिथे सगळं बारा व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवतात. २०१८ साली आपल्या राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा डेकोरेशनवाले हवालदिल झाले होते. वन्संना फरकच पडला नाही, त्यांचं सगळं पहिल्यापासून पुठ्ठा आणि कागदाचंच.

खर्च होतो हे खरं. पसाराही होतो. रंगाचा एक डाग आमच्या दिवाणखान्याच्या फरशीवर अजून आहे, आणि तेव्हा मीसुद्धा वन्संशी दोन दिवस घुश्श्यातच होते, हे कबूल करते. फ्यूज गेला त्या संध्याकाळी लंका उचलणाऱ्या हातांत माझेही हात होते.

मागच्या महिन्यात वन्संचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, ‘‘वहिनी, यंदा काही करत नाही गं. गुडघे दुखतात, आणि उगाच तुमच्याकडे सगळ्यांना त्रास.’’ मी म्हटलं, ‘‘वन्सं, खोका घेऊन या. मी वायरमनला बोलावून हॉलमध्ये वेगळा पॉइंट काढून घेतलाय. त्यावर इस्त्री लावायची नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.’’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, ‘‘तुझ्याकडे जुनं घड्याळ आहे का गं, बंद पडलेलं? टाकू नकोस.’’