दगडावरचा राजा आणि दातातला राजा

दगडावर कोरलंय म्हणजे तोच इतिहास, असं मानणाऱ्यांना एक साधा प्रश्न आहे. दगड कोरून कोणी घेतला?

होंडुरासमधल्या कोपान या माया नगरीत इ.स. 776 चा एक चौकोनी दगड आहे. त्यावर चारही बाजूंनी सोळा राजे कोरलेत. घराण्याचा संस्थापक याश कुक मो स्वतः सोळाव्या राजाच्या हाती सत्तेची खूण देतोय. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर, पण दगडाला काय! संस्थापकाच्या डोळ्यांवर गोल कडी आहेत, मध्य मेक्सिकोतल्या बलाढ्य तेओतिवाकानची खूण. एवढ्यावरून अनेक अभ्यासकांनी त्याला तिथून आलेला ठरवलं.

मग त्याचे मानले जाणारे अवशेष तपासले गेले. खडकातलं स्ट्रॉन्शियम मातीत, मातीतून मक्यात आणि मक्यातून दातात जातं. दाताचं कवच लहानपणी बनतं, पुढे बदलत नाही. स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण ज्वालामुखीच्या डोंगराळ मुलखात साधारण 0.704, तर सखल चुनखडीच्या प्रदेशात 0.707 ते 0.709 येतं. निकाल असा आला की हा माणूस कोपानचा नाही आणि तेओतिवाकानचाही नाही. त्याचं बालपण माया सखल प्रदेशातच गेलं होतं.

ग्वाटेमालातल्या तिकालची गोष्ट उलटी. इ.स. 379 मध्ये गादीवर आलेल्या याश नून आयीनला तेओतिवाकानचा राजपुत्र समजलं जायचं. 2005 मध्ये लोरी राइट यांनी दाखवलं की त्याच्या मानल्या जाणाऱ्या थडग्यातला माणूस तिकालच्याच परिसरात वाढला असावा. परकेपणाचा थाट सत्तेसाठी मिरवला गेला, असं माझं मत.

पण दातालाही नवा शिलालेख करू नका. मका चुन्यात शिजवतात, मीठ समुद्रावरून येतं. दोन्हींनी आकडा सरकतो. एकाच जातीच्या खडकावरून शंभर मैल चालत गेलेला माणूस या पद्धतीला दिसतच नाही. आकडा ‘बाहेरचा’ म्हणतो. तो माणूस कोण होता, का आला, हे सांगत नाही.

आणि खरी तक्रार पुढेच आहे. गाजतात ते राजांचेच दात. बेलीझ नदीच्या खोऱ्यात अनेक वस्त्यांमधल्या लोकांचे दात तपासले, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा दुसरीकडे जन्मलेला निघाला. यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याही दगडावर नाही. लग्न होऊन आलेल्या बाया, जमीन शोधत आलेली कुटुंबं, लढाईतून पळालेले, यांतलं कोण किती, ते अजून कोणी नीट विचारलेलं नाही.