राजम्यावर भांडू नका, मिरचीकडे बघा

बीफ चिलीत राजमा घालायचा की नाही, यावरून टेक्सासमधली माणसं अजूनही हमरीतुमरीवर येतात. 1967 साली टर्लिंग्वा या ओसाड गावात विक फाउलर आणि एच. ॲलन स्मिथ यांच्यात चिली रांधण्याचा सामना झाला आणि निकाल लागला बरोबरीचा! आज तिथल्या स्पर्धेच्या भांड्यात राजम्याला मज्जाव आहे. 1977 मध्ये तर चिलीला राज्याच्या पदार्थाचा मानच मिळाला.

घरच्या पातेल्याला हे नियम कशाला?

खरी गोम मिरचीत आहे. तयार चिली पावडरीत जिरं, ओरेगॅनो, लसूण आधीच मिसळलेलं. म्हणजे चव दुसऱ्यानेच ठरवलेली. त्यापेक्षा वाळक्या आंचो मिरच्यांची देठं, बिया काढून त्या तव्यावर किंचित शेकाव्यात (करपल्या तर कडवटपणा हटत नाही), गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटाव्यात. खांद्याकडच्या मांसाचे तुकडे थोडेथोडे तांबूस परतावेत. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि ते भाजले जातच नाहीत. मग कांदा, जिरं, वाटण आणि मंद आचेवर दोन-अडीच तास.

राहिला राजमा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका, ‘चिली क्वीन्स’, चिली विकत. त्यांच्या काही गिऱ्हाइकांना चिलीसोबत राजमाही वाढला जाई.

तेव्हा राजमा वेगळा शिजवावा, हवा त्याने घ्यावा. पावडरीचा डबा मात्र आणूच नये.