समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

चिता आणि चिंता ह्या दोन शब्दांत अंतर आहे ते केवळ एका अनुस्वाराचे, असे आपले जुने पंडित सांगत आले. चिता निर्जीव देहास जाळते, चिंता जिवंत मनुष्यास. एवढे ज्ञान ज्या समाजाच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याने चिंतेवर उपाय मात्र एकच योजिला : 'चिंता करू नकोस' असे सांगण्याचा! तापाने फणफणलेल्या मुलास 'अंग तापवू नकोस' असे कोणी बजावीत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याची छाती धडधडते, हातास कंप सुटतो आणि पाठ केलेले सारे पुसले जाते, त्याला मात्र आपण धीराचे चार शब्द सुनावतो आणि कर्तव्य पार पडले असे समजतो.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालाने ह्या समजुतीस धक्का दिला. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे, असे न्यायालयाने त्यात बजावले आहे. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. चिंतेने ग्रासलेले प्रत्येक मूल त्या टोकास जात नाही, हे खरे. परंतु टोकास गेल्यावरच दखल घ्यावयाची, हा न्याय कोणता?

आम्हांस भय वाटते ते निराळेच. आदेश आला की कागद रंगविण्यात आपण वाकबगार आहोत. चित्रकलेच्या वा कवायतीच्या शिक्षकाच्या गळ्यात दोन दिवसांच्या शिबिरानंतर ही माळ घातली आणि दारावर पाटी लटकावली, की आदेशाचे पालन झाले! म्हणूनच समुपदेशन म्हणजे काय, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

भीतीचा स्वभाव असा की तिच्यापासून पळ काढला की क्षणभर बरे वाटते आणि पुढच्या वेळी ती दुपटीने मोठी होऊन येते. तोंडी परीक्षा चुकविणारा मुलगा पुढे वर्ग चुकवितो, मग शाळाच. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि त्यांच्यामागून ॲरन बेक यांनी जी विचारपद्धती रूढ केली, तिचे मर्म हे की, प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाविषयीची आपली समजूत मनुष्यास अधिक छळते. 'मी नापास झालो तर सारे संपले' हे वाक्य रुग्णाकडूनच तपासून घ्यावयाचे. आणि ज्याचे भय वाटते त्याला पायरीपायरीने, सोबतीने, सामोरे जावयास शिकवावयाचे. हे काम बहुधा दहा-वीस बैठकांचे असते. प्रसंगी औषधेही लागतात. ती डॉक्टरच देतील. कि. मो. फडके यांच्यासारख्यांनी एलिस यांचा विचार मराठीत केव्हाच आणला आहे; तेव्हा हे परके शास्त्र आहे, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

'आमच्या पिढीला कोठे लागले समुपदेशक?' असा प्रश्न हमखास येईल. लागले नाहीत असे नव्हे, मिळाले नाहीत. त्या पिढीतील किती बुद्धिमान माणसे 'भित्री' म्हणून हिणवली गेली आणि आयुष्यभर मागच्या बाकावर बसून राहिली, ह्याचा हिशेब कोणी मांडला आहे? ज्यांनी वर्गात उभे राहून शिकविले आहे ते जाणतात की, छडीने पाढे पाठ होतात, भीती जात नाही. मात्र प्रत्येक काळजी हा रोग नव्हे, हेही तितकेच खरे. थोडी धाकधूक असल्यावाचून कोण अभ्यासाला बसतो? काळजी जेव्हा झोप, भूक आणि नित्याचे व्यवहार गिळू लागते तेव्हा ती उपचार मागते. आणि हा भेद ओळखण्यासाठीच जाणकार माणूस हवा.

तेव्हा मागणे स्पष्ट असावे. अनुदानित शाळांसाठी शासनाने हे पद वेतनासह मंजूर करावे. नेमणूक पात्रता पाहून व्हावी. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, जिवास धोका असल्याखेरीज, मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पोहोचता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजारास विम्यामध्ये शरीराच्या आजाराची बरोबरी दिली. परंतु रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या बैठकांचा खर्च बहुधा घरच्यांनाच सोसावा लागतो. ही उणीव भरून निघाली पाहिजे. तोवर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे, एवढे तरी प्रत्येक घरात ठाऊक असावे.

आणि पालकांसाठी एक शब्द. शाळेत समुपदेशकाने आठवडाभर बांधावे आणि घरी रविवारी शेजारच्या मुलाचे गुण वाचून दाखवून ते पाडावे, असे चालू राहिले तर कोणतेही शास्त्र कामास येणार नाही. मूल दुरुस्तीस देऊन घर जसेच्या तसे ठेवावयाचे, हा सौदा कोणाही समुपदेशकास पुरा करता यावयाचा नाही.