नोटेवरच्या वचनाला मुदत कशी?

परवा केममध्ये एकानं ब्रिटनची जुनी कागदी वीस पौंडांची नोट दाखवली. "पत्रकार, ही आता रद्दी का?" म्हटलं, नाही भाऊ. ३० सप्टेंबर २०२२ नंतर ती तिथल्या दुकानात चालत नाही, पण बँक ऑफ इंग्लंड जुनी नोट कधीही बदलून देते, परदेशातून टपालानं पाठवली तरी. फॉर्म अन् ओळखपत्राची प्रत जोडा. दलालाला निम्म्यात देऊ नका.

आणि आपल्याकडं? २०१६च्या नोटबंदीत इथल्यांना ३० डिसेंबरपर्यंत, परदेशस्थ भारतीयांना ३० जून २०१७ पर्यंत मुदत. नंतर आजीच्या डब्यात सापडलेली हजाराची नोट म्हणजे नुसता कागद. चौकशी खुशाल करा, पण घामाच्या पैशाला एक दार कायम उघडं ठेवा. नोटेवर गव्हर्नरचं वचन छापलेलं असतं राव!