दुप्पट होणारं भाडं

भाचीला लंडनमध्ये फ्लॅट घ्यायचाय. वर्षाला २५० पौंड ग्राउंड रेंट, त्यात काय एवढं, म्हणते. मला नाही पटत. फ्लॅट लीजवरचा, जमीन मालकाची. तिचं हे भाडं. बदल्यात मिळत काहीच नाही (देखभालीचे पैसे वेगळेच!). काही जुन्या करारांत ते दर १० वर्षांनी दुप्पट होतं. मांडा गणित: ५० वर्षांनी ८,००० पौंड! असा फ्लॅट पुढे घेणार कोण? ३० जून २०२२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक नव्या लीजवर हे भाडं बंद झालं, पण हिची लीज २०१० सालची. तेव्हा बाळ, आधी वकिलाकडून वाढीचं कलम समजून घे. दुप्पट लिहिलं असेल तर विकणाऱ्याला ते मालकाकडून बदलून आणायला सांग, नाहीतर दुसरं घर बघ.