वाघाच्या मावशीला दिवेलागणीला घरात घ्या

मांजर ही वाघाची मावशी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जुन्नर-आंबेगावात मात्र भाचा हे नाते मानत नाही. आपल्याकडे बिबट्यालाच लोक वाघ म्हणतात, आणि हा वाघ मळ्यातल्या वस्तीवरून जसे कुत्रे नेतो तसे मांजरही नेतो. कुत्रे गेले की भुंकणे थांबते म्हणून घराला कळते. मांजर गेले तर दोन दिवस ‘गेले असेल कुठेतरी हिंडायला’ असेच सगळे म्हणतात.

आरोग्याच्या सदरात मांजर कुठून आले, असे वाचकांना वाटेल. गेल्या महिन्यात मळ्यात राहणाऱ्या एक बाई दवाखान्यात आल्या. उजवा हात मनगटापासून सुजलेला, अंगात ताप. अंगठ्याजवळ दाभणाने टोचल्यासारखी दोन छिद्रे होती आणि त्यावर हळद-चुन्याचा लेप. चौकशी केली तेव्हा हकीगत कळली. रात्री मांजर घरी आले नाही म्हणून त्यांचा सहावीतला मुलगा बॅटरी घेऊन ‘माऊ माऊ’ करीत उसाच्या बांधापर्यंत गेला होता. आजीने आरडाओरडा करून त्याला परत आणला. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी ठरवले की आजपासून मांजर घरातच. भरदुपारी त्याला धरून खोलीत कोंडले. रात्रभर त्याने दार ओरबाडले, सकाळी दार उघडताच ते निसटू लागले, बाई धरायला गेल्या आणि ते कडकडून चावले.

घरच्यांचा निर्णय बरोबर होता, रीत चुकली. माझे स्पष्ट मत आहे की आपल्या दोन्ही तालुक्यांत, विशेषतः उसाला लागून ज्यांची घरे आहेत, त्यांनी पाळलेले मांजर दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत घरात ठेवावे. पण ही सवय एका दिवसात लावता येत नाही.

आधी कारण पाहू. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव व वस्तीतल्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता, कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते. मांजरेही या खाण्यात होतीच. याचा अर्थ उघड आहे. रात्री जे मोकळे, ते त्याचे. कुकडी आणि घोड नद्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याची पिल्ले वाढू लागली, आणि ऊसतोड सुरू झाली की त्यांचा आसरा हलतो. तोडीच्या दिवसांत जास्त सावध राहायचे ते यासाठी.

मांजर घरात घेतल्याने बिबट्या गावात यायचा थांबेल, असे मी म्हणत नाही. पण त्याला शोधायला अंधारात माणूस बाहेर पडणार नाही. ओट्यावर त्याच्यासाठी ठेवलेल्या दूधभाताला रात्री भटकी कुत्री जमणार नाहीत, आणि कुत्र्यांमागून येणारा बिबट्या दारापर्यंत येण्याचे एक निमित्त कमी होईल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात सुमारे तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुले होती. त्यानंतर अंधारात पोराला मांजरामागे पाठवणे कुणालाच परवडणारे नाही.

आता रीत. मांजर माणसापेक्षा जागेला जास्त जीव लावते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेले मांजर चार दिवसांनी दारात हजर होते, हे अनेकांनी पाहिले असेल. याबाबतीत भाचाही मावशीसारखाच आहे. २००१ पासून जुन्नर भागातले २९ बिबटे पकडून सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, पुढच्या काळात ते १७ वर गेले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. जनावराला त्याच्या ओळखीच्या जागेतून एकाएकी उचलले की ते बिथरते. बिबट्याच्या बाबतीत आपण हा धडा महागात शिकलो, निदान मांजराच्या बाबतीत तो विसरू नये. म्हणून त्याला बाहेरून तोडण्यापेक्षा घर ओळखीचे करून द्यावे.

पहिल्या आठवड्यात एवढेच करा. त्याचे मुख्य जेवण संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी, रोज त्याच वेळेला आणि घराच्या आतच द्या. देताना एखादा डबा वाजवा. चार-पाच दिवसांत डब्याच्या आवाजावर मांजर धावत येते. बाहेर खायला ठेवणे त्याच दिवसापासून बंद करा. दुसऱ्या आठवड्यात जेवण झाल्यावर तासभर दार लावून घ्या, मग दोन तास, असे वाढवत जा. महिन्याभरात बहुतेक मांजरे सकाळपर्यंत राहू लागतात. म्हाताऱ्या बोक्याला जास्त वेळ लागतो, घरात वाढलेल्या पिल्लाला फार कमी.

रात्री ते ओरडेल. ओरडल्यावर दार उघडलेत तर ओरडले की दार उघडते, एवढेच ते शिकेल. त्या वेळी मन घट्ट करावे. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटे चिंधीचा चेंडू सुतळीला बांधून त्याच्याशी खेळावे. शिकारीची हौस फिटली, पोट भरले, की ते झोपते. हे काम मुलांना द्या, त्यांना आवडेल.

कोपऱ्यात एका घमेल्यात चार बोटे वाळू किंवा कोरडी माती घालून ठेवा. जेवणाच्या जागेपासून ते दूर असावे. नखे घासायला सुतळी गुंडाळलेला लाकडाचा ओंडका ठेवा, म्हणजे दार आणि गाद्या वाचतील. बसायला उंचावर एखादी फळी आणि लपायला एखादे खोके द्यावे. भ्यालेल्या मांजराला लपायला जागा मिळाली की ते चावत नाही. कौलारू घरात भिंत आणि कौलांमधली फट कोंबड्यांच्या जाळीने बंद करा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात रात्रीही उकडते, तेव्हा खिडकीला जाळी मारून ती उघडी ठेवा आणि पाणी भरपूर ठेवा. रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला उठणाऱ्याने दार उघडताना पायाशी पाहावे, मांजर नेमके तेव्हाच सटकते.

बोका असेल तर नसबंदीवाचून तो घरात टिकत नाही, आणि भाटी वर्षात दोन-तीनदा विते. पाच-सहा महिन्यांच्या वयात ही शस्त्रक्रिया करता येते. पशुवैद्यकाला विचारावे. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तशी द्यावी. घरात मुलांच्या अंथरुणात शिरणाऱ्या मांजराला लस नसणे हा धोका आहे.

खाण्याबद्दल एक गैरसमज आहे. दूधभातावर मांजर जगत नाही, बाहेरच्या शिकारीवर ते जगत असते. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो न मिळाल्यास हळूहळू दृष्टी जाते आणि हृदय कमजोर होते. म्हणून घरात ठेवल्यावर अंडे, धुऊन मीठ काढलेली सुकट, उकडलेले बिनहाडाचे चिकन द्यावे. आणि तापावरची आपली पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. अर्धी गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

आता माणसांचे. मांजराचा दात बारीक आणि लांब असतो. जखम वरून एवढीशी दिसते, पण जंतू खोल जातात आणि एका दिवसात हात सुजतो. चावले किंवा ओरबाडून रक्त आले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे. हळद, चुना, तंबाखू, मिरची काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पहिल्या इंजेक्शननंतर ३, ७ आणि २८ दिवसांनी पुढची घ्यायची. रक्त आले असल्यास सीरमही लागते. मांजर घरचे आहे म्हणून थांबू नये. त्या बाईंचा हात वाचला, पण दोन दिवस उशीर झाला होता, हे मी त्यांना बोलून दाखवले.

घमेले रोज साफ करावे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. तो बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई हाच त्यावर मोठा उपाय आहे. गर्भवतीने हे काम करू नये, घरातल्या दुसऱ्याने करून साबणाने हात धुवावेत. सून गरोदर आहे म्हणून मांजर हाकलण्याची मात्र गरज नाही.

‘मांजर कोंडले तर उंदीर कोण मारणार?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. प्लेगच्या काळात, १९०८ साली, बुकॅनन नावाच्या सरकारी सेवेतल्या एका डॉक्टराने मांजर हाच प्लेगवरचा उपाय, असा लेख लिहिला होता. पण उंदीर रात्रीचे फिरतात आणि धान्य घरात असते. रात्री घरात असलेले मांजर कामाच्याच जागी असते. कांद्याच्या चाळीत दिवसा त्याला जाऊ द्यावे. उलट रात्री शेतात फिरणारे मांजर विषाने मेलेला उंदीर खाऊन मरते, अशी कितीतरी उदाहरणे वस्त्यांवर सापडतील. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवले की निम्मे काम झाले.

काहींना मुक्या जनावराला कोंडणे पाप वाटते. शेळीला रात्री गोठ्यात घेणे आपल्याला पाप वाटत नाही. मांजराला दिवसा ऊन, अंगण, झाड सगळे द्यावे. फक्त अंधार पडताना डबा वाजवावा आणि दार लावावे. सुरुवात आज संध्याकाळीच करता येईल. आणि एखाद्या दिवशी ते आलेच नाही, तर दारातूनच हाक मारा, डबा वाजवा, आणि सकाळपर्यंत थांबा. मुलाला मात्र शोधायला पाठवू नका.